सांजदरबाराचे दंडक: जिथे खोटं बोलता येत नाही तिथली रीतभात

शुक्रतारा

तीन वर्षांपासून एका दीर्घकथेवर काम करतेय. कथा पऱ्यांच्या दरबारातली आहे. पंखवाल्या, कांडीवाल्या पऱ्या नव्हेत. माणसाच्या उंचीचे, माणसासारखेच दिसणारे, पण माणूस नसलेले लोक. सूर्य मावळल्यापासून पहिली चांदणी स्पष्ट दिसेपर्यंत त्यांचा दरबार भरतो, म्हणून मी त्याला सांजदरबार म्हणते. दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरची ती वेळ. 'संधी' या एका शब्दात सांधाही आहे आणि तहही आहे, हे लक्षात आलं त्या दिवशी कथेला खरी सुरुवात झाली.

नायिका माणूस आहे. दरबाराने तिला दुभाषी म्हणून ठेवून घेतलंय. माणसं बोलतात एक आणि त्यांना म्हणायचं असतं भलतंच, हे त्या लोकांना काही केल्या उमगत नाही. म्हणून मधे कुणीतरी लागतं.

आत्तापर्यंत ठरलेले दंडक सांगते. कुठे भोक दिसलं तर मोकळेपणाने दाखवा, मला तेच हवंय.

त्यांना खोटं बोलता येत नाही. हा कायदा नाही, देहच तसा आहे. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही ना, तसं. कायदे त्यातून उगवलेत. बोललेलं प्रत्येक वाक्य खरं असावंच लागतं, तिथे 'उद्या भेटू' म्हणजे करार झाला. भेट होईपर्यंत बोलणाऱ्याला झोप लागत नाही, पाय आपोआप तिकडे वळतात.

घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद होते. वहीदार नावाचा एक जुना अधिकारी आहे, त्याच्याकडे ऋणवही असते. पऱ्यांचे आभार मानू नयेत हा संकेत परीकथांच्या वाचकांना ठाऊक असेल. तो मला नेहमी उसना वाटायचा, कारण 'थँक्यू'मध्ये कर्ज दिसत नाही. मराठीत मात्र ते उघड्यावर पडलेलं आहे. 'मी आपला ऋणी आहे' असं आपण सहज म्हणून जातो. सांजदरबारात हे वाक्य कानावर पडलं की वहीदार मान वर करतो आणि विचारतो, "किती?"

म्हणून तिथे कुणी आभार मानत नाही. वस्तू हाती आली की म्हणायचं, "पोचलं." पोच दिली, पण ऋण कबूल केलं नाही.

नाव विचारणं हा तर सर्वांत मोठा अपराध. "नाव काय आपलं?" म्हणजे "तुमची किल्ली द्या" म्हणण्यासारखं. रीतीचा प्रश्न असा: "काय म्हणू आपल्याला?"

जेवणात मीठ नसतं. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं हे त्यांनाही माहीत आहे आणि पाहुण्याला नकळत बांधून घेणं त्यांना हलकेपणाचं वाटतं. पाहुण्याने आपलं मीठ आपण आणायचं. यजमान ताट पुढे सरकवतो आणि पाहुणा पहिल्या घासावर चिमूट टाकेपर्यंत हात आवरून बसतो. मीठ न आणता जो जेवायला बसतो, त्याने बांधून घ्यायची तयारी दाखवली असं समजतात.

शिक्षा एकच, अबोला. तुरुंग नाही, फटके नाहीत. दरबाराने अबोला धरला की तुम्हाला कुणी शब्द देत नाही, तुमचा शब्द कुणी घेत नाही. जिथे सगळं शब्दावर चालतं तिथे हे मरणाहून अवघड आहे.

काही रिवाज मी निव्वळ दिमाखासाठी घातलेत: उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा, राणी बोलू लागली की दिवे मंद करायचे, आणि राणी कुणालाही पोचवायला दारापर्यंत जात नाही. या तिन्हींना कारण नाही आणि ते मला बोचतंय.

खरी अडचण शेवटाची आहे. नायिकेला तिथून निघायचंय आणि मला तिला बाहेर काढता येत नाहीये. ज्या वाटेने काढावं ती वाट लबाडीची वाटते. तीन वर्षं त्या लोकांबरोबर राहिलेली बाई लबाडीने निघेल असं मला वाटत नाही.

गवतफूल

"किती?" वाचून अंगावर काटा आला!

एक शंका. खोटं बोलता येत नाही, तर ते गोष्टी सांगतात का? गोष्ट म्हणजे न घडलेलंच ना? 'आटपाट नगर होतं' असं त्यांना म्हणता येईल का?

शुक्रतारा

गवतफूल, हा प्रश्न तीन वर्षांत मला एकदाही पडला नाही.

नाही म्हणता येणार. नगर नव्हतंच, मग 'होतं' कसं म्हणतील? म्हणजे त्यांच्याकडे इतिहास असेल, वंशावळी असतील, गाणी असतील, पण गोष्ट नसेल. गोष्ट ऐकण्यासाठी त्यांना माणूसच लागेल. मी नायिकेला दुभाषी म्हणून ठेवलं होतं. आता वाटतंय की ते वरवरचं कारण. रोज सांजेला ती 'आटपाट नगर होतं' म्हणते आणि सगळा दरबार श्वास रोखून बसतो, कारण ते वाक्य उच्चारणं त्यांच्या कुणाच्याही आवाक्यात नाही. तिला सोडायला ते का तयार नाहीत तेही यातून कळतं.

काजवा

फार सुंदर धागा. ब्रिटिश बेटांवरच्या परीकथा हा माझा आवडीचा विषय असल्यामुळे राहवत नाही.

खोटं न बोलणारे पऱ्यालोक ही आजच्या कादंबऱ्यांची लकेर आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण धागा जुना आहे. जेराल्ड ऑफ वेल्स नावाचा धर्मगुरू 1188 मध्ये वेल्समधून फिरला, त्या प्रवासाच्या वर्णनात त्याने एलिडॉर नावाच्या मुलाची गोष्ट नोंदवली आहे. गुरूच्या माराला कंटाळून हा बारा वर्षांचा मुलगा नदीकाठच्या कपारीत लपतो, तिथून दोन ठेंगू माणसं त्याला आपल्या देशात नेतात. तिथले लोक शपथ घेत नाहीत, कारण खोटेपणाइतका त्यांना दुसऱ्या कशाचाच तिटकारा नाही. खोटं नाही तर शपथ कशाला? तुमच्या दरबारातही शपथ नसावी, असली तर तो अपमान ठरावा.

त्याच गोष्टीत तुमच्या उंबऱ्याचं कारण सापडू शकेल. एलिडॉर आईच्या सांगण्यावरून तिथला सोन्याचा चेंडू चोरून पळतो. वडिलांच्या घराच्या उंबऱ्याला पाय अडखळतो, चेंडू हातातून निसटतो, मागावर आलेले दोघे तो उचलतात आणि मुलाकडे तिरस्काराने बघत निघून जातात. पुढे जवळजवळ वर्षभर तो ती वाट शोधत राहतो. वाट सापडत नाही. त्याला ना फटके मिळाले ना शाप. तुमचा अबोला तो हाच.

कायद्यांबद्दल आणखी एक. स्कॉटलंडमधल्या अबरफॉइलचा पाद्री रॉबर्ट कर्क याने 1691-92 च्या सुमारास या लोकांबद्दल एक हस्तलिखित तयार केलं. ते छापून आलं थेट 1815 मध्ये. त्यात तो म्हणतो की त्यांच्यात सरदार-शासक आहेत, कायदे आहेत, पण धर्म म्हणावा असं काही दिसत नाही. एका पाद्रीने हे शांतपणे नोंदवून ठेवावं याचं मला फार अप्रूप वाटतं. वर्षाच्या दर तिमाहीला ते मुक्काम हलवतात असंही तो लिहितो. कर्क 1692 मध्ये वारला, आणि तो वारला नाही, टेकडीच्या पोटात त्यांच्याकडे नेला गेला, अशी आख्यायिका मागे राहिली.

आणि थॉमस द राइमर. त्याच्यावरच्या जुन्या स्कॉटिश पोवाड्यात परीराणी त्याला सात वर्षं ठेवून घेते आणि मोबदला म्हणून खोटं न बोलणारी जीभ देते. थॉमस खूश होत नाही, कुरकुरतो: अशा जिभेने मी बाजारात खरेदी-विक्री कशी करू, राजाशी कसा बोलू, एखाद्या स्त्रीची मर्जी कशी संपादन करू? माणसांचा शिष्टाचार थोड्याफार खोट्यावर उभा आहे हे त्या कवीला कळलं होतं. तुमचा दरबार त्याच्या बरोबर उलट आहे.

पोथीवाचक

काजवा यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण. परंतु हा सगळा व्यवहार परका समजण्याचे कारण नाही. शतपथ ब्राह्मणात उर्वशी पुरूरव्यापाशी राहते ती अटींवर. त्यातली एक, राजा तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या मंचकाला बांधलेली दोन कोकरे पळवतात, ती हाक देते, राजा तसाच उठून धावतो आणि नेमकी तेव्हा गंधर्व वीज चमकवतात. अट मोडली. राजाचा हेतू शुद्ध होता, पण अटीत हेतूचा उल्लेख नव्हता.

कालिदासाच्या नाटकात तीच उर्वशी इंद्रापुढे लक्ष्मीची भूमिका करत असते. तुझे मन कोणावर जडले आहे, या प्रश्नाला 'पुरुषोत्तमावर' हे उत्तर ठरलेले. तिच्या तोंडून 'पुरूरव्यावर' निघते आणि भरतमुनी तिला शाप देतात. शुक्रतारा, तुमच्या दरबाराच्या दृष्टीने पाहा: नाटकातले वाक्य खोटे, तिने चुकून खरे सांगितले, आणि शिक्षा झाली ती खऱ्याला.

शेवटचे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचे रूप घेऊन बसतात. ती युक्ती करत नाही. 'मी मनाने नलालाच वरले आहे, या सत्याच्या बळावर देवांनी मला तो दाखवावा' असे ती म्हणते आणि देवांना आपली लक्षणे प्रकट करावी लागतात: घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ नाही, सावली नाही, पाय भुईला टेकत नाहीत. तुम्हाला लबाडी नको आहे ना? मग नायिकेने खरे वाक्य उच्चारावे. तिच्याजवळ तेवढे एकच शस्त्र आहे आणि ते दरबाराला लागू पडते.

शुक्रतारा

पोथीवाचक, काजवा, दोघांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. शपथ हा अपमान, हे लगेच घेतलं. दमयंतीचं वाक्य मनात ठेवलंय.

कलमदान

माझं काम करार वाचण्याचं आहे, त्यामुळे मला दिसणारी भोकं तशीच आहेत.

पहिलं भोक. संदिग्ध वाक्याचा अर्थ कोण लावणार? माणसांच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: कराराच्या एखाद्या कलमाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने ते कलम लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा. नीट लिहायची जबाबदारी त्याची होती. परीकथांत मात्र याच्या उलट घडतं. अट घालणारा परीलोक आणि फसणारा माणूस. आयर्लंडच्या जुन्या कथेत मिदीर राजा योखिदशी पटावर डाव खेळतो, आधी मुद्दाम हरतो, मोठमोठे पण पुरे करतो, आणि शेवटच्या डावात 'जिंकणारा मागेल ते' असा पण लावून जिंकतो. मग राजाची राणी एतीन हिला मिठी आणि एक चुंबन मागतो. ती मिळताक्षणी दोघं हंस होऊन छताच्या झरोक्यातून उडून जातात. 'मागेल ते' हे शब्द ज्याने मान्य केले तो गेला.

तुमच्या दरबाराला खोटेपणाचा तिटकारा खरा असेल, तर तिथे पहिलं तत्त्व हवं, मिदीरचं नव्हे. शब्दाचा बोजा बोलणाऱ्यावर. नाहीतर ते खोटं बोलत नाहीत पण फसवतात, आणि मग तुमच्या आवडत्या लोकांत आणि सराईत ठगांत फरक उरत नाही.

दुसरं. ऋण फिटलं की काय होतं? तुम्ही ऋण वाईट धरून चाललात, म्हणून सगळे ते टाळतात. पण शंभर वर्षं शेजारी राहिलेले दोघे एकमेकांचं काहीच देणं लागत नसतील, तर त्यांच्यात नातं कुठलं? मला वाटतं, त्या लोकांत जुनी ऋणं मुद्दाम फेडत नसावेत. थोडी बाकी ठेवत असावेत. 'तुझं-माझं काही देणंघेणं नाही' हे वाक्य मराठीत प्रेमाने कुणी म्हणत नाही.

शुक्रतारा

कलमदान, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यापाशी मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

ऋणवही बदलते आहे. वहीदार म्हणजे सावकार नव्हे. तो कोण कुणाशी बांधलेलं आहे ते सांभाळतो. आणि अबोल्याहून मोठी शिक्षा आता सापडली: वहीतली सगळी नावं खोडणं. 'याचं कुणाकडे काही नाही आणि कुणाचं याच्याकडे काही नाही.' ऋणमुक्ती म्हणजे हद्दपारी.

यामुळे नायिका आणखी अडकली. मी तिला सगळी ऋणं फेडून मोकळी करणार होते. आता ते केलं तर ती तिथून हाकलली गेल्यासारखी निघेल.

गवतफूल

नको ना, हाकलू नका. तिला वहीदार आवडतो असं मी मनात धरूनच बसलेय.

दुसरा आवाज

पहिल्यांदाच लिहितोय. मी वाचकच आहे एरवी, पण नायिका दुभाषी आहे म्हणून लिहावंसं वाटलं. मी बरीच वर्षं दुभाषाचं काम केलंय.

आमच्या कामाचा पहिला धडा असा की समोरचा 'मी' म्हणाला तर दुभाषानेही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतोय की त्याला दुखतंय' असं नाही, 'मला दुखतंय'. ऐकणाऱ्याला वाटायला हवं की तो थेट त्या माणसाशी बोलतोय. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं. आम्हालाही सुरुवातीला वाटतं.

एकदा मला एका वडिलांच्या वतीने बोलायचं होतं. मुलाच्या उपचारांबद्दल ते म्हणाले, 'काहीही करून मी पैसे उभे करतो.' मी ते दुसऱ्या भाषेत म्हणालो. मीच म्हणालो, माझ्या तोंडाने, 'मी उभे करतो.' काम संपलं, घरी आलो. त्या रात्री आणि पुढे कित्येक रात्री मला असं वाटत राहिलं की तो शब्द मीही दिलाय. पुढे त्यांचं काय झालं ते कळवायची पद्धत नसते. मी अजूनही तो शब्द बाळगून आहे.

तर माझा प्रश्न. तुमच्या दरबारात दुभाषी 'मी कबूल करते' असं म्हणाली तर बांधलं कोण जातं? ज्याचं वाक्य तो, की जिची जीभ ती? तीन वर्षं ती रोज शेकडो शब्द देत आली असेल.

काजवा

हा प्रतिसाद वाचून काही वेळ दुसरं काही वाचवलं नाही. लिहीत राहा, ही विनंती.

कलमदान

दुसरा आवाज, तुम्ही सांगितलेला प्रश्न कायद्यातही आहे. दुसऱ्याच्या वतीने सही करणारा स्वतः बांधला जाऊ नये म्हणून त्याने कुणाच्या वतीने सही करतोय ते उघड लिहायचं असतं. ते लिहायचं राहिलं तर कधीकधी तो स्वतःच अडकतो. दरबारात शब्द तोंडीच दिला जातो, म्हणून दिसेल अशी काहीतरी खूण लागेल.

शुक्रतारा

खूण अशी. राणीच्या आसनाशेजारी चोपदाराचा दंड असतो. दुभाषी बोलताना त्यावर हात ठेवते. हात दंडावर आहे तोवर तिच्या तोंडचा 'मी' तिचा नाही. हात उचलला की तिचा.

आणि दुसरा आवाज, तुम्ही दिलेल्या प्रसंगावरून मला एक दृश्य दिसतंय, तुमची हरकत नसेल तरच घेईन. एका सांजेला एक बाप येतो. तो शब्द देतो, ती तो भाषांतरित करते, आणि बोलता बोलता तिचा हात दंडावरून निसटतो. निसटतो की ती काढते, हे तिचं तिलाही ठाऊक नाही. वहीदार बघतो. नोंद दोन नावांनी होते.

दुसरा आवाज

हरकत नाही. घ्या.

पोथीवाचक

एक भाषिक मुद्दा कुणीच काढलेला नाही. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत; इंग्रजीला ही सोय नाही. 'आम्ही जातो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण जाऊ' म्हटले की तो आत येतो. अशा दरबारात हे केवढे जपावे लागेल! पाहुण्याने चुकून 'आपण बसू या' म्हटले की तो दरबारी झाला. शिवाय 'आपण' हे आदराने 'तुम्ही'च्या जागीही येते. तुमच्या पहिल्याच लेखात 'काय म्हणू आपल्याला?' आहे. या वाक्यात विचारणाऱ्याने स्वतःलाही गोवले काय?

शुक्रतारा

बाप रे. गोवलं. आणि ते मला ठेवायचंय. दरबारात पहिल्यांदा 'काय म्हणू आपल्याला?' विचारणारा वहीदारच होता. तिने ते आदरार्थी ऐकलं. त्याला म्हणायचं होतं, तुला आणि मला मिळून काय म्हणू. तीन वर्षांनी तिला ते उमगतं. (गवतफूल, तुम्ही मनात धरलं होतं ते बरोबर होतं, मलाच माहीत नव्हतं.)

कलमदान यांचं तत्त्व लावलं तर बोजा बोलणाऱ्यावर, म्हणजे तो बांधला गेला आणि ती मोकळी.

गवतफूल

आता रडू येतंय. पण ती निघते ना? निघताना काय म्हणेल? मी तर सवयीने 'येते' म्हणून मोकळी झाले असते.

काजवा

गवतफूल!!

कलमदान

झालं. 'येते' म्हटलं की परत यायचं वचन झालं. आणि कधी येणार ते सांगितलेलं नाही, म्हणजे ती आयुष्यभर त्या वाटेवर चालत राहील.

पोथीवाचक

'जाते' म्हणावे तर आपल्या कानाला ते अभद्र लागते, जाणे म्हणजे कायमचे जाणे. दरबारात तर ते अक्षरशः खरे होईल. दोन्ही शब्द बंद.

काजवा

मुदत नसलेल्या अटीचं एक उदाहरण देतो, बाराव्या शतकातल्या वॉल्टर मॅपच्या लेखनातलं. हर्ला राजाच्या लग्नाला एक ठेंगू राजा नजराणे घेऊन येतो, बरोबर वर्षाने हर्लाला त्याच्या लग्नाला जावं लागतं. तीन दिवस पाहुणचार होतो. निघताना हर्लाला एक लहान कुत्रा देतात: हा उडी मारून खाली उतरेपर्यंत कुणी घोड्यावरून उतरायचं नाही. बाहेर येतो तर दोनशेहून जास्त वर्षं उलटलेली. जे उतरले त्यांची माती झाली. कुत्रा अजून उतरलेला नाही, आणि हर्ला फिरतोच आहे. 'येते' म्हणून निघालेली तुमची नायिका अशीच फिरत राहील.

दुसरा आवाज

'निघते' म्हणता येईल.

काम संपलं की आम्ही तेच म्हणतो. येते नाही, जाते नाही. निघते. फक्त त्या क्षणी जे होतंय तेवढंच. ते खोटं ठरू शकत नाही.

शुक्रतारा

दुसरा आवाज, तीन वर्षं मी याच एका शब्दापाशी अडले होते.

पोथीवाचक, हे तुमचं दमयंतीचं वाक्य. सजवलेलं नाही, पण खरं. ती फसवून निघत नाही आणि सगळी ऋणं फेडूनही निघत नाही. बापाच्या नोंदीत तिचं नाव राहील. वहीदाराचं 'आपल्याला' राहील. त्या बाकीसह ती उंबऱ्याशी उभी राहून म्हणते, "निघते."

कलमदान

एक शेवटचं भोक. ती 'निघते' म्हणाली की पोचवायला आलेला काय म्हणेल? कुणी 'निघते' म्हटलं की आपल्या तोंडून 'ये हं' निघतंच. ते निमंत्रण झालं की आज्ञा? राणीच्या तोंडून आलं तर आज्ञाच. मग बिचारी 'निघते' म्हणूनही अडकली.

शुक्रतारा

कलमदान, पहिल्या लेखात मी लिहिलं होतं की राणी कुणालाही पोचवायला दारापर्यंत जात नाही, आणि याला कारण नाही.

कारण हे आहे. राणी दारापर्यंत आली तर ऐकून गप्प राहणं तिला जमणार नाही. ज्याला पोचवायला ती आली त्याच्याशी ती बोलेल, आणि ती जे बोलेल ते त्याला बांधील. म्हणून शेकडो वर्षांत ती एकाही पाहुण्याला पोचवायला उठलेली नाही, आणि बाहेरचे तिला गर्विष्ठ म्हणत आलेत.

आता प्रकरण असं होईल. दिवे मंद होतात. गोष्ट अर्धवट राहिलेली आहे, आटपाट नगराच्या राजाची धाकटी मुलगी विहिरीपाशी थांबलेली. दरबारातलं कुणीही 'पुढे?' असं विचारत नाही, कारण विचारलं तर तिला थांबावं लागेल. वहीदार दारापर्यंत येतो, वही मिटून काखेत धरतो आणि ओठ आवळून उभा राहतो. ती उंबऱ्यावर पाय न देता पलीकडे पाऊल टाकते आणि म्हणते, "निघते." मागे, दूर, आपल्या आसनावर राणी हलतही नाही.